टॅबची मेमरी कमी पडते तेव्हा: एसक्यूलाइट, फोटो आणि धानाच्या पावत्या

मागचे काही भाग आपण सर्व्हरवरच्या मोठ्या डेटाबेसबद्दल बोललो. आज नेमकं उलट टोक घेऊ: ज्याला सर्व्हरच नाही, जो तुमच्या ॲपच्या पोटातच राहतो, असा डेटाबेस. (हे शब्दांकन वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. बोलताना ज्या आज्ञा मी उच्चारल्या त्या इथे देवनागरीतच दिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

विषय निघाला सौंदडहून आलेल्या एका प्रश्नावरून. सौंदड म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं, सडक अर्जुनी तालुक्यातलं, मुंबई-कोलकाता महामार्गावरचं गाव. गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावर त्याचं स्टेशनही आहे. भोवताली सगळा धानाचा मुलूख. तिथल्या एका तरुणाने धानाच्या काट्यासाठी छोटंसं अँड्रॉइड ॲप लिहिलंय. शेतकऱ्याचं नाव, गाव, कट्टे किती, वजन किती, ओलावा किती, सातबाऱ्याचा फोटो, आणि शेवटी ब्लूटूथ प्रिंटरवर पावती. रेंजचा भरवसा नाही म्हणून सगळं टॅबमध्येच साठवायचं आणि रात्री वर पाठवायचं. टॅब २ जीबी रॅमचा. सकाळी ॲप छान चालतं. ‘दुपारून’ मात्र आपोआप बंद पडतं. काही एरर नाही, काही नाही. आहे, आणि नाही.

कुणीतरी त्यांना तीन ओळी दिल्या, या टाक म्हणजे ॲप पळेल म्हणून:

प्रॅग्मा कॅश_साइज = १०००००
प्रॅग्मा जर्नल_मोड = मेमरी
प्रॅग्मा सिंक्रोनस = ऑफ

टाकू का, असा प्रश्न आहे. माझं उत्तर आधीच सांगतो. पहिली ओळ त्यांच्या कामाची नाही. तिसरी धोक्याची आहे. आणि दुसरी अशी आहे की टॅबची मेमरी जितकी कमी, तितकी ती जास्त घातक. का, ते आता सावकाश बघू.

आधी एसक्यूलाइट कुठून आलं ते दोन वाक्यांत. रिचर्ड हिप हे अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. त्या सॉफ्टवेअरला इन्फॉर्मिक्सचा डेटाबेस सर्व्हर लागायचा. सर्व्हर बंद असला की ॲप नुसतंच ‘जोडणी होत नाही’ म्हणून बसून राहायचं. मग सर्व्हरच नको, सरळ फाइल वाचणारी लायब्ररी करू, या विचारातून २००० साली एसक्यूलाइट बाहेर आलं. आज ते प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे, आयफोनमध्ये आहे. तुमच्या व्हॉट्सॲपचे मेसेज फोनवर एसक्यूलाइटच्या फाइलीतच असतात.

आता सर्व्हर नाही याचा अर्थ काय? पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलला स्वतःची मेमरी असते, तिचा वेगळा हिशेब असतो. एसक्यूलाइटचं तसं नाही. ते जेवढी मेमरी घेतं ती तुमच्या ॲपच्या खात्यावर पडते. ऑपरेटिंग सिस्टीमला दिसतं ते एवढंच की हे ॲप फुगलंय. कुणामुळे फुगलंय याच्याशी तिला घेणं नाही.

एसक्यूलाइट मेमरी खातं कुठे? सगळ्यात मोठा वाटा पेज कॅशचा. (कॅश म्हणजे इथे रोकड नव्हे.) डेटाबेसची फाइल पानांमध्ये विभागलेली असते, साधारणपणे ४०९६ बाइटचं एक पान. एकदा वाचलेलं पान मेमरीत ठेवलं की पुन्हा फाइलीपर्यंत जावं लागत नाही. फाइल म्हणजे तलाव धरला तर कॅश म्हणजे बांधीजवळची बोडी. पाणी तलावातलंच, फक्त हाताशी आणून ठेवलेलं. फरक एवढाच की बोडी आटली तर धान वाळतं; कॅश रिकामी केली तर थोडा वेळ जास्त लागतो, बाकी काही बिघडत नाही. अट एकच: त्यातलं पान बदललेलं नसावं. ही अट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

कॅशची कमाल मर्यादा कॅश_साइज ठरवतं. २०१६ मध्ये आलेल्या ३.१२ आवृत्तीपासून मूळ किंमत आहे उणे २०००. उणे चिन्ह असलं की आकडा किलोबाइटमध्ये, म्हणजे सुमारे २ एमबी. उणे चिन्ह नसलं की आकडा पानांचा. इथेच जुन्या ब्लॉगवरून उचललेल्या ओळी गोत्यात आणतात. तेव्हा पान १०२४ बाइटचं होतं, म्हणून २००० पानं म्हणजे २ एमबी. आज तीच २००० पानं ८ एमबी होतात. आणि सौंदडच्या प्रश्नातली १ लाख पानं? चारशे एमबीच्या वर. शिवाय ही मर्यादा दर कनेक्शनला वेगळी. अँड्रॉइडमध्ये डब्ल्यूएएल मोड चालू केला की वाचण्यासाठी जास्तीची कनेक्शनं उघडली जातात, साधारण चारपर्यंत. आता २ जीबीच्या टॅबवर गुणाकार तुम्हीच करा.

पण थांबा, घाबरायच्या आधी एक गोष्ट. ही मर्यादा आहे, आगाऊ घेतलेली मेमरी नाही. जशी पानं वाचली जातील तशी कॅश भरते, आणि फाइलच ५ एमबीची असेल तर कॅश ४०० एमबी होणार कशी? दुसरं म्हणजे अँड्रॉइडसोबत येणारं एसक्यूलाइट सुरू होतानाच संपूर्ण प्रोसेससाठी ८ एमबीची एक सौम्य मर्यादा लावून घेतं, सॉफ्ट हीप लिमिट म्हणतात तिला. तिच्याजवळ पोचलं की नवी मेमरी मागण्याआधी ते जुनी पानं सोडून त्यांची जागा वापरून बघतं. म्हणजे अँड्रॉइडचंच एसक्यूलाइट वापरत असाल तर ती १ लाखवाली ओळ बहुतेक नुसती शोभेची. मात्र ॲपसोबत स्वतःचं एसक्यूलाइट बांधून दिलं असेल, फ्लटरमध्ये किंवा एसक्यूएलसायफरमध्ये असं सर्रास होतं, तर ही ८ एमबीची वेसण नसते. तिथे तुम्ही सांगाल तेवढं ते खरंच घेतं.

मग दुपारी ॲप का मरतं? माझा संशय डेटाबेसवर नाहीच. फोटोंवर आहे.

सातबाऱ्याचा फोटो ते ब्लॉब म्हणून थेट टेबलात ठेवतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो जेपेग फाइल म्हणून ३-४ एमबी दिसतो, पण पडद्यावर दाखवायला उलगडला की ४००० गुणिले ३००० गुणिले ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. एका फोटोला! यादीत पाच शेतकरी पूर्ण आकाराच्या फोटोंसकट दिसले की २४० एमबी गेले. बरं, अँड्रॉइड ८ पासून या चित्रांचे पिक्सेल जावाच्या मोजलेल्या हीपमध्ये नसतात, नेटिव्ह मेमरीत असतात. म्हणून ‘आउट ऑफ मेमरी’ असा सरळ संदेश बहुधा येतच नाही. सिस्टीमची मेमरी आटत जाते आणि मग लो मेमरी किलर येऊन प्रोसेस मारून टाकतो. सकाळी यादी छोटी, दुपारी लांब. लक्षणं जुळतात.

त्यात आणखी एक मेख आहे. फोटो काढायला आपलं ॲप टॅबचं कॅमेरा ॲप उघडतं. त्या क्षणी आपण मागे जातो, कॅमेरा पुढे येतो, आणि कॅमेऱ्याला मेमरी भरपूर लागते. सिस्टीम मारायला निवडते ती आधी मागच्या ॲपला. म्हणजे शेतकरी समोर उभा, फोटो काढला, परत आलो तर ॲप पहिल्या पानावर. ज्याने स्वस्त फोनसाठी ॲप लिहिलंय त्याने हा प्रकार कधी ना कधी पाहिलेला असतोच.

तेव्हा तर्क लढवण्यापेक्षा मोजा. टॅब केबलने जोडून ‘एडीबी शेल डम्पसिस मेमइन्फो’ आणि पुढे ॲपचं पॅकेजनाव द्या. एकच आज्ञा. तिच्यात नेटिव्ह हीप, ग्राफिक्स, जावाचा भाग असे वेगवेगळे आकडे येतात आणि तळाशी एसक्यूएल असा स्वतंत्र भाग असतो. एसक्यूलाइटने किती मेमरी घेतलीय ते तिथे किलोबाइटमध्ये दिसतं, कुठली फाइल किती मोठी तेही. सकाळी एकदा, दुपारी एकदा, कॅमेऱ्यावरून परतल्यावर एकदा, असं वहीत लिहून ठेवा. एसक्यूएलचा आकडा हजारांत आणि नेटिव्ह हीप लाखांत असेल तर प्रॅग्मा बदलत बसण्यात अर्थ नाही. अँड्रॉइडच्या बाहेर, सी भाषेत काम करणाऱ्यांना हेच एसक्यूलाइट३_मेमरी_यूज्ड सांगतं, आणि आजवरचा उच्चांक एसक्यूलाइट३_मेमरी_हायवॉटर.

फोटोंचं करायचं काय? मोठे फोटो फाइल म्हणून ठेवा, टेबलात फक्त फाइलीचं नाव, आणि यादीसाठी १५-२० केबीचं छोटं चित्र. एसक्यूलाइटच्या मंडळींनी स्वतः मोजमाप करून सांगितलेला ढोबळ हिशेब असा की साधारण १०० केबीच्या आतला ब्लॉब डेटाबेसमध्येच ठेवणं वेगवान पडतं, त्याहून मोठा असेल तर बाहेर बरा. म्हणजे ‘ब्लॉब वाईट’ असं सरसकट नाही हं. शिवाय अँड्रॉइडमध्ये क्वेरीचा निकाल ज्या कर्सरविंडोमधून येतो ती मुळात २ एमबीची असते. एकच ओळ त्याहून मोठी झाली की ती वाचताच येत नाही, ॲप तिथेच आपटतं. डेटा आत आहे पण बाहेर काढता येत नाही, अशी विचित्र अवस्था. यादीच्या क्वेरीत ‘सिलेक्ट स्टार’ लिहायची सवय इथे अंगाशी येते. हवे तेवढेच रकाने मागवा. फाइल आणि ओळ यांचा क्रमही सांभाळा: आधी फोटोची फाइल पूर्ण लिहा, मग ओळ टाका. उलट केलं आणि मध्येच ॲप मेलं तर नसलेल्या फोटोकडे बोट दाखवणारी ओळ उरते.

रात्री वर पाठवतानाही तीच गोष्ट. दिवसभराच्या सगळ्या नोंदी एका यादीत घेणार, तिचं जेसन करणार, त्याची स्ट्रिंग करणार, म्हणजे एकाच मालाच्या मेमरीत तीन प्रती. दोनशे-दोनशे ओळी पाठवा, शेवटचा आयडी लक्षात ठेवा आणि त्यापुढच्या मागवा.

आता दुसऱ्या ओळीकडे. मला आज खरं बोलायचंय ते हिच्याबद्दल.

एसक्यूलाइट डेटाबेसमधलं पान बदलतं तेव्हा जुन्या पद्धतीत ते आधी मूळ पानाची प्रत एका वेगळ्या जर्नल फाइलीत लिहून ठेवतं. मग मुख्य फाइल बदलतं, आणि सगळं नीट झालं की जर्नल पुसतं. मध्येच ॲप मेलं, वीज गेली, काहीही झालं, तर पुढच्या वेळी फाइल उघडताना त्याला उरलेलं जर्नल दिसतं. त्यावरून ते मूळ पानं जागच्या जागी ठेवतं आणि अर्धवट व्यवहार झालाच नाही अशी स्थिती आणतं. ‘जर्नल_मोड = मेमरी’ केलं की ही प्रत फाइलीत न जाता रॅममध्ये राहते. वेग वाढतो, खरं आहे. पण ॲप मारलं गेलं की रॅम जाते, प्रत जाते, आणि मुख्य फाइल अर्धी जुनी, अर्धी नवी राहते. ती परत जुळवायला काहीच उरत नाही. एसक्यूलाइटच्या अधिकृत माहितीतही स्पष्ट बजावलंय की अशा वेळी फाइल बिघडण्याचीच शक्यता फार.

कुणी म्हणेल, लिहायला काही मिलिसेकंद लागतात, नेमकं त्याच क्षणी ॲप मरायला किती दुर्दैव लागतं! छोट्या व्यवहारापुरतं ते बरोबर आहे. बदललेली पानं कमिट होईपर्यंत सहसा कॅशमध्येच असतात, मुख्य फाइलीला हात लागलेला नसतो. पण मघाची अट आठवा. बदललेलं पान नुसतं टाकून देता येत नाही. व्यवहार कॅशमध्ये मावला नाही, किंवा मेमरीची मर्यादा आली, की एसक्यूलाइट बदललेली पानं कमिटच्या आधीच मुख्य फाइलीत उतरवू लागतं. याला स्पिल म्हणतात. ३-४ एमबीचा फोटो २ एमबीच्या कॅशमधून टेबलात घालताना हे होणारच. आता चित्र पूर्ण करा: व्यवहार उघडला, फोटो घातला, पानं फाइलीत उतरली, कमिट पावती छापल्यावर करू म्हणून ठेवलं, तोवर पुढचा फोटो काढायला कॅमेरा उघडला, आणि मागे गेलेलं ॲप सिस्टीमने मारलं. धोक्याची खिडकी आता मिलिसेकंदांची नाही, मिनिटांची झाली. मेमरी वाचवायला नव्हे, उलट मेमरी खर्चून आपण आपलाच आधार काढून घेतला, तोही जिथे ॲप हमखास मारलं जातं अशा टॅबवर.

तिसरी ओळ, सिंक्रोनस ऑफ, वेगळ्या जातीची आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. सिंक्रोनस बंद केलं तर एसक्यूलाइट ‘हे खरंच साठवणीवर पोचलं का’ अशी खातरी न करता पुढे जातं. नुसतं ॲप मेलं तर काही जात नाही, कारण माहिती ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात पोचलेली असते. पण टॅबच बंद पडला, बॅटरी गेली, तर फाइल बिघडू शकते. थोडक्यात, ॲप मरण्याला घाबरायचं असेल तर जर्नल मेमरीत ठेवू नका, टॅब मरण्याला घाबरायचं असेल तर सिंक्रोनस बंद करू नका. काट्यावर दोन्ही होतं.

मग लावायचं काय? डब्ल्यूएएल. यात बदल मुख्य फाइलीत न जाता शेजारच्या वॉल फाइलीच्या शेवटी जोडले जातात. स्पिल झालं तरी ते तिथेच जातं, मुख्य फाइल शाबूत राहते. सोबत सिंक्रोनस नॉर्मल ठेवा असा सल्ला सगळीकडे मिळेल आणि तो चांगला आहे. त्यात वीज गेली तरी फाइल बिघडत नाही, फक्त शेवटच्या एकदोन नोंदी जाऊ शकतात. चॅट ॲपला चालेल. पण इथे त्या एकदोन नोंदींची पावती शेतकऱ्याच्या खिशात असते. कागद म्हणतो इतकं धान दिलं, टॅब म्हणतो हा माणूस आलाच नव्हता. मग चुकारा कुणाच्या हिशेबाने निघणार? म्हणून माझं मत, इथे सिंक्रोनस फुल. दर कमिटला थोडे मिलिसेकंद जास्त लागतील, पण दोन वजनांच्या मध्ये काही मिनिटं असतात, कुणाला कळणारही नाही. सिस्टीमने कुठली किंमत लावली असेल ते गृहीत धरू नका, डेटाबेस उघडताना ओपनपॅराम्समधून स्वतः सांगा. आणि आधी कमिट, मग पावती. हा क्रम कधीही उलटू नका.

डब्ल्यूएएलची एक खोड सांगून ठेवतो. साधारण १००० पानं साठली की वॉलमधले बदल मुख्य फाइलीत जिरवले जातात, याला चेकपॉइंट म्हणतात. पण एखादा कर्सर उघडाच राहिला तर जिरवणं पूर्ण होत नाही आणि वॉल फाइल फुगत जाते. ज्यांना वॉल फाइल शेकडो एमबीची दिसते त्यांनी आधी न बंद केलेले कर्सर शोधावेत. आणि पेन ड्राइव्हवर बॅकअप घेताना नुसती मुख्य फाइल उचलू नका, ताज्या नोंदी वॉलमध्ये असतात. अँड्रॉइड ११ पासून ‘व्हॅक्यूम इन्टू’ चालतं, त्याने एकसंध प्रत मिळते.

उरलेल्या मेमरीच्या कळा झटपट. संध्याकाळची गावनिहाय बेरीज मंद असेल तर ‘एक्सप्लेन क्वेरी प्लॅन’ लावून बघा. त्यात टेम्प बी-ट्री दिसलं तर गाव आणि तारखेवर इंडेक्स घाला, तात्पुरती मेमरी लागणारच नाही. ‘श्रिंक_मेमरी’ नावाचं प्रॅग्मा कनेक्शनकडची सोडण्याजोगी मेमरी सोडतं. कॅमेरा उघडण्याआधी बोलावलं तर एखाददोन एमबी हाती लागतील, जादू नाही. २०२० च्या ३.३१ आवृत्तीपासून हार्ड हीप लिमिटही आहे. सॉफ्ट मर्यादा नाइलाज झाला तर ओलांडली जाते, हार्ड ओलांडत नाही. तिथे क्वेरीच ‘मेमरी नाही’ म्हणून परत येते. ती लावायची तर त्या उत्तराला काय करायचं हे कोडमध्ये लिहिलेलं हवं, नाहीतर एक आजार काढून दुसरा घेतल्यासारखं होईल.

ज्यांचं उपकरण टॅबहूनही लहान आहे, म्हणजे काही एमबी रॅम असलेली पाटी, त्यांच्यासाठी एक गंमत. एसक्यूलाइटला सुरुवातीलाच मेमरीचा एक ठरावीक तुकडा देऊन ‘यातच भागव’ असं सांगता येतं. मग ते सिस्टीमकडे मेमरी मागतच नाही. तुकडा किती मोठा दिला तर विखुरल्यामुळे मेमरी कधीच कमी पडणार नाही, याचं गणित जे. एम. रॉबसन यांनी १९७४ साली मांडलंय आणि एसक्यूलाइट तेच वापरतं. एअरबस ए३५० विमानाच्या सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूलाइट आहे. अशा ठिकाणी ‘दुपारून मेमरी संपली’ हे उत्तर चालत नाही, म्हणून ही सोय.

शेवटी चाचणीचं सांगतो, कारण हे सगळं कागदावर पटलं तरी टॅबवर बघायला हवं. जुना टॅब घ्या, त्यात हजारभर खोट्या नोंदी पटापट टाकणारं बटण करा, आणि दर कमिटनंतर नोंदीचा क्रमांक ‘छापला’ म्हणून केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरकडे पाठवा. ते चालू असताना ‘रन-ॲज’ वापरून प्रोसेसला किल उणे नऊ द्या. डीबग बिल्डवर ते चालतं, रूट लागत नाही. ॲप पुन्हा उघडून ‘प्रॅग्मा इंटिग्रिटी_चेक’ चालवा, उत्तर ‘ओके’ आलं पाहिजे. मग छापलेला शेवटचा क्रमांक टेबलात आहे का ते बघा. असं वीसेक वेळा करा. नंतर हीच चाचणी टॅबचं पॉवर बटण दाबून धरून, टॅबच बंद पाडून करा, आणि छापलेला एकही क्रमांक टेबलातून गायब झालेला सापडला तर सिंक्रोनसची किंमत खरंच फुल लागलीय का ते प्रॅग्माला विचारा.